दुसरीच्या नावाला ओ

अर्धांगाच्या झटक्यानंतर अकराव्या दिवशी सेवेरिन बोलला. तेओदोसिया त्याला रव्याची पातळ खीर भरवत होती, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून, कारण उजवी बाजू अजून ओल्या कापडासारखी लोंबत होती. वॉर्डात सकाळचं ऊन आलं होतं, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा प्रोकिप बायकोशी उशीच्या अभ्र्यावरून हुज्जत घालत होता, आणि तेओदोसियाच्या डोक्यात एवढंच होतं की खीर निवते आहे. तिने चमचा ओठांशी नेला. सेवेरिनने तो जिभेने हलकेच बाजूला सारला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मार्तुस्यू." दहा दिवस ज्या घशातून नुसती घरघर येत होती, त्यातून तो शब्द आख्खाच्या आख्खा आला, कुठेही न चेचता. आणि शेवटचा 'यू' त्याने किंचित लांबवला. लांबच्या माणसाला हाक मारताना लांबवतात तसा नाही. अगदी जवळच्या, एकाच उशीवरच्या माणसासाठी लांबवतात तसा. तिने त्याची हनुवटी पुसली. चमचा पुन्हा भरला. तिचा हात जरासुद्धा कापला नाही, आणि पुढे कित्येक दिवस तिला याचंच नवल वाटत राहिलं. तीस वर्षं औषधाच्या दुकानात भुकट्या तोलून हाताला सवय लागली असावी. आत काहीही होवो, काटा हलू द्यायचा नाही.

"बोलले की हो," प्रोकिपची बायको हाफिया अभ्रा तसाच सोडून उठली. "ऐकलंस का रे, प्रोकोपचिकू? बोलले." प्रोकिप म्हणाला, "ऐकलं. बायकोला हाक मारली. बघ, माणूस मेल्यातून उठतो तो थेट कुठे जातो." तेवढ्यात झोर्याना आली. ही लहानखुरी पोरगी रोज सकाळी चित्रांचे पत्ते घेऊन यायची आणि जीभ पांगळी झालेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा बोलायला शिकवायची. तिला बातमी कळली तेव्हा तिचे कान लाल झाले. "नाव आलं ना? मी म्हटलं नव्हतं? सगळं पुसून जातं, पण लाडाचं नाव सगळ्यांत खोल बसलेलं असतं, ते आधी वर येतं. घरात मार्तुस्या म्हणतात होय तुम्हाला?" तेओदोसियाने खिरीचा वाडगा झाकला आणि म्हणाली, "हो." एवढं सोपं होतं ते. दुकानात कोणी विचारायचं, हे मिळेल का, ती म्हणायची, हो, उद्या या. तसंच ते हो.

त्या दिवशी ती ट्रॉलीबसमध्ये न बसता चढ चालत घरी गेली. दगडी रस्त्यावरचा बर्फ वितळून गटारातून वाहत होता, आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की आपल्याला ती बाई अजून आठवलेलीच नाही. मार्ता कोण, हे तिला ठाऊक होतं, त्याच क्षणी ठाऊक झालं होतं. पण मन तिथे जातच नव्हतं. मन एकाच गोष्टीभोवती घुटमळत होतं, की त्याच्या जिभेला हे येत होतं. एकोणचाळीस वर्षं तिने स्वतःची समजूत घातली होती की या माणसाची जीभच कोरडी आहे. त्याच्या जमीन मोजायच्या फितीसारखी. नेमकी, उपयोगाची आणि कोरडी. त्याच्या आईनेच त्याला तसं वाढवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी जेवताना त्याने हिला "दोस्यू" म्हटलं, तर सासूने सुरी खाली ठेवली होती. "बापाने मुलीचं धड नाव ठेवलंय, ते धड घ्यावं. अर्धं मोडून काय घेतोस, पाव आहे का तो?" तो गप्प झाला, आणि सोमवारपासून ती तेओदोसिया झाली. हाक मारताना तेओदोसिये. तेओदोसिये, मीठ. तेओदोसिये, दार लागलं का बघ. मुलगी झाली तिलाही तो उल्यानो म्हणायचा, सरकारी कागदावर असतं तसं सबंध. सगळ्या अंगणात उल्यास्या, उल्यांका, उल्यानोच्का असा गलका चालायचा, आणि हा खिडकीतून हाक मारायचा ती शाळेतल्या हजेरीसारखी. उल्याना दहा-बारा वर्षांची असताना एकदा म्हणाली होती, "बाबांना माझं नाव आवडत नाही का गं?" तेव्हा तेओदोसिया हसून म्हणाली होती, "काही माणसांच्या तोंडात साखर विरघळत नाही, बाळा. त्यांचं प्रेम कमी असतं असं नाही." हे वाक्य तिने मुलीसाठी बनवलं होतं. मग कधीतरी ते तिने स्वतःही वापरायला काढलं आणि वापरून वापरून ते अंगाला बसलं.

तिला बाप आठवला. स्तोरोझिनेत्सच्या बाजारामागे त्याचं चांभारकामाचं खोपट होतं. ओठांत पाचसहा चुका, ते बारीक खिळे, धरून तो जोडे ठोकायचा आणि ती शाळेतून आली की चुका न काढताच म्हणायचा, "दोसेन्को, आलीस?" चुकांमधून गाळून आलेलं ते नाव, जरासं लोखंडी, जरासं बोबडं. रागावला तरी दोस्काच म्हणायचा, तेओदोसिया कधी नाही. ती एकोणीस वर्षांची असताना तो गेला, आणि त्याच्याबरोबर ती सगळी नावं गेली. दोस्या, दोसेन्का, दोसुन्या, ती पोरगी जितक्या जणी होती तितक्या सगळ्या एका दिवसात मातीआड गेल्या. मागे उरली ती धड नावाची. सेवेरिन भेटला तेव्हा तिला वाटलं होतं, हा एखादी तरी परत आणेल. आणलीही होती. लग्नाआधी डोंगरातून, मोजणीच्या तंबूतून त्याने पत्र लिहिलं होतं, वर नुसतं 'दोस्यू' आणि पुढे स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामाकडे ती किती वेळ बघत बसली होती.

घरी आल्यावर उल्यानाचा फोन आला, परदेशातून, व्रोत्सवाफहून, कामावरून सुटल्यासुटल्या. "काही बोलले का, आई?" तेओदोसिया म्हणाली, "बोलला. पाणी म्हणाला." उल्याना रडायला लागली, आणि आईने तिला रडू दिलं, कारण ते रडणं खऱ्या गोष्टीवरचं नसलं तरी वाया जात नव्हतं.

मग मार्ता आठवलीच. मोजणी कचेरीत नकाशे काढणारी, उंच, बोटांना कायम शाईचे डाग. सेवेरिनच्या नामदिनाला, त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, बाकीच्या कचेरीबरोबर ती घरी यायची, आंबट चेरीचा मुरंबा आणायची, ताटं उचलू लागायची. कचेरीत आणि घरातही तो तिला बापाच्या नावासकट पुकारायचा, मार्ता योसिपिवना. आणि तेओदोसियाला तेव्हा बरं वाटायचं, की पाहा, परक्या बायकांशी हा किती अदबीने वागतो. मार्ताच्या आईचं हृदय दुखायचं तेव्हा तेओदोसियानेच दुर्मीळ थेंब मिळवून दिले होते, दोनदा. मग मार्ता खोतिनला बदलून गेली. उल्याना तेव्हा पाचवीत. कचेरीने निरोपाचं जेवण ठेवलं, आणि सेवेरिन गेला नाही. तो घरी इस्त्री दुरुस्त करत बसला होता. चांगली चालणारी इस्त्री त्याने सगळी खोलली, तारा काढल्या, पुन्हा जोडल्या. तिने विचारलं, "काय झालंय हिला?" तो म्हणाला, "तापत नाही." आणि इतक्या वर्षांत तिने त्या दुपारचा काही अर्थ लावला नव्हता. किंवा लावला होता आणि एखाद्या बाटलीसारखा, वर चिठ्ठी न लावता, मागच्या फळीवर ठेवून दिला होता. आता सांगणं कठीण.

वॉर्डात ती मार्ता झाली. झोर्यानाने सगळ्यांना सांगितलं असावं. परिचारिका म्हणू लागल्या, मार्ताबाई, चादर बदलायची आहे. मार्ताबाई, थर्मास कोणाचा? हाफिया तर तिला सरळ मार्तुस्या म्हणायला लागली, एका वॉर्डात झुंजणाऱ्या बायकांचा एकमेकींवर हक्क असतो तशा हक्काने. प्रोकिप म्हणाला, "आमची ही मला सात नावांनी हाका मारते. पहिली तीन जेवायला, पुढची तीन कामाला, आणि सातवं माझंच आहे का दुसऱ्या कोणाचं, ते मला अजून कळलेलं नाही." हाफिया म्हणाली, "तुझंच आहे, ते तू झोपल्यावर घेते." सगळे हसले. तेओदोसियाही हसली. सेवेरिनजवळ तो एकच शब्द होता. पाणी हवं असलं तरी मार्तुस्यू, खिडकी लावायची असली तरी मार्तुस्यू, पाठीखाली चादर चुरगळली तरी तेच. दोन आठवड्यांत ती त्या एका शब्दाचे सगळे सूर ओळखायला लागली. आणि मग असं झालं की सकाळी बाहेरच्या जिन्यावरून वर येताना तिची पावलं लवकर लवकर पडायला लागली. तो हाक मारायचा आणि हाक पुरी व्हायच्या आत ती पुढे वाकलेली असायची. एवढ्या मऊ आवाजात तिला आयुष्यात कोणी बोलावलं नव्हतं, बापाचा अपवाद सोडून. तिला माहीत होतं की हे तिचं नाही. कुठे तरी कपडे टांगायच्या जागी चुकून दुसरीचा कोट हातात यावा, घालून बघावा तर ऊबदार निघावा, आणि खिशात हात घालायची मात्र भीती वाटावी, तसं होतं ते. तरी ती तो कोट उतरवत नव्हती.

एकदा दुपारी त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. "मार्तुस्यू," तो म्हणाला, आणि पाणी, खिडकी, चादर यांतलं ते काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात उतरलं. तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "बोलावू का तिला?" तो बघत राहिला. त्याला कळलं की नाही कोण जाणे. पण तिने विचारलं होतं, आणि विचारलेलं तिला परत घेता येईना.

सेवेरिनच्या फोनवहीत नंबर होता. 'म'च्या पानावर नव्हता. 'ख'च्या पानावर, 'खोतिन, नकाशे'. तो नंबर तिने वर्षानुवर्षं पाहिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तिने फोन लावला.

"मी तेओदोसिया बोलते. सेवेरिनची बायको."

"गेला का?"

"नाही. अर्धांग झालंय. तुम्हाला हाक मारतो."

"मला?"

"तुमच्या घरातल्या नावाने. दुसरं काही बोलत नाही."

पलीकडे कुठे तरी नळ वाहत असावा, तो बंद झाल्याचा आवाज आला. "मी येणं बरं दिसेल का?" मार्ताने विचारलं.

"बरं दिसायचं वय गेलं आपलं, मार्ताबाई. गुरुवारी या. अकराची बस असते ना."

ती आली. उंची कमी झाली होती, हातात काठी, एका बाजूची कंबर आयुष्यभराचा सूड उगवत असावी तशी चालत होती. बोटं मात्र स्वच्छ. पिशवीत मुरंब्याची बरणी होती. ती काढून पुढे करावी की न करावी, हे न कळून ती पिशवी तशीच पोटाशी धरून कॉरिडॉरच्या बाकावर बसली. तेओदोसिया शेजारी बसली. समोरच्या भिंतीवर अर्ध्यापर्यंत हिरवा तेलरंग होता, वर पांढरा. दोघी त्या दोन रंगांमधल्या रेषेकडे बघत बोलल्या.

"किती वर्षं?" तेओदोसियाने विचारलं.

"तीन. म्हणजे तीन उन्हाळे. मोजणीला गेलो की."

"आणि थांबवलं कोणी?"

"बदली मी मागितली. मला वाटलं अडवेल. त्याने अर्ज वाचला आणि म्हणाला, मार्ता योसिपिवना, खाली तारीख घालायची राहिलीय." मार्ताने काठीचं टोक फरशीच्या फटीत रोवलं. "मी घातली तारीख."

तेओदोसियाला हे ऐकून समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या अर्जावरचा तो आवाज तिला चांगला माहीत होता, मीठ मागणारा. "तुम्हाला त्या नावाने आणखी कोण हाक मारतं?"

"कोणी नाही. आई मार्ताच म्हणायची. नवरा मी केला नाही. ते त्यानेच पाडलेलं नाव. तेही चार भिंतींत, दिवा मालवल्यावर." मग ती म्हणाली, "मला वाटायचं, मी ते कल्पनेनेच तयार केलं असेल. इतकी वर्षं झाली की असं वाटायला लागतं. तुमचा फोन आला तेव्हा आधी मला काय वाटलं सांगू? खरं होतं तर. माफ करा, पण आधी तेच वाटलं."

"माफ काय करायचंय," तेओदोसिया म्हणाली. "मीही तेच म्हटलं. खरं होतं तर."

आत गेल्या. सेवेरिन उशांना टेकून बसला होता, नुकती दाढी केलेला. तेओदोसियाने सकाळी मुद्दाम केली होती, आणि करताना आपण कोणासाठी कोणाला नटवतो आहोत हे मनात येऊ दिलं नव्हतं. मार्ता खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. "सेवेरिने," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, भुवया उंचावून, एखादी अनोळखी बाई चुकून दारात आली तर पाहावं तसं. मग त्याचा डावा हात गळ्याशी गेला आणि पाहुण्यांसमोर करतात तसं त्याने शर्टाचं बटण चाचपलं. पांघरूण सारखं केलं. त्याला शरम वाटत होती, परक्या बाईसमोर असं निजून राहण्याची. आणि मग त्याने मान वळवून तेओदोसियाकडे पाहिलं, भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीकडे बोट केलं आणि जराशा तक्रारीने, पण त्याच मऊ, उशीजवळच्या आवाजात म्हणाला, "मार्तुस्यू." पाहुणीला बसायला दे, असं तो बायकोला सांगत होता.

तेओदोसियाला जागचं हलता येईना. तिने मार्ताकडे पाहिलं नाही. पण न बघताही तिला दिसलं की त्या बाईच्या चेहऱ्यावरून सव्वीस वर्षं जपलेलं काहीतरी, एवढ्यात ओंजळीत मिळालेलं, पुन्हा निसटून चाललं आहे, आणि ते घेऊन जाणारी आपणच आहोत. आणि आपल्या ओंजळीत तरी काय पडत होतं? तो आपल्याला ओळखत होता. बायको म्हणूनच ओळखत होता. फक्त आयुष्यभरात एकदाच केलेल्या मायेला एकच नाव होतं, आणि आता माया करायची तर त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. हाफिया प्रोकिपचे केस विंचरता विंचरता थांबली होती. सेवेरिनने पुन्हा बोट केलं, "मार्तुस्यू," या वेळी अधीरपणे.

"जा ना," मार्ता हळूच म्हणाली. "तुम्हाला हाक मारतोय."

तेओदोसियाने खुर्ची ओढून आणली. मार्ता बसली, पाच-सात मिनिटं, सरळ पाठीने. हवा बदलली, रस्त्यावर खड्डे फार, असं काही ती सेवेरिनला सांगत राहिली, आणि तो पाहुण्याचं ऐकावं तसं सौजन्याने मान हलवत राहिला. निघताना तिने बरणी प्रोकिपच्या खाटेपाशी ठेवली. तेओदोसिया तिला बस अड्ड्यापर्यंत सोडायला गेली. बसच्या पायरीवर काठी आधी चढवून मार्ता म्हणाली, "एवढंच करा. त्याला दुरुस्त करू नका." तेओदोसिया म्हणाली, "नाही करणार."

ती वचनाला जागली. एप्रिलमध्ये तिने त्याला घरी आणलं. झोर्याना आठवड्यातून दोनदा घरी यायला लागली. ती विचारायची, "तुमचं पूर्ण नाव घ्यायला शिकवू का त्यांना?" तर तेओदोसिया म्हणायची, "काय घाई आहे. आधी वस्तू शिकव." तर वस्तू यायला लागल्या. मे महिन्यात चमचा आला, पाव आला, मांजर आलं, घरात मांजर नसताना. प्रत्येक शब्दाबरोबर झोर्याना टाळी वाजवायची, आणि तेओदोसिया स्वयंपाकघरातून ऐकायची. कारण पाणी आलं त्या दिवशी पाण्यासाठीची तिची हाक बंद झाली, आणि खिडकी आली त्या दिवशी खिडकीसाठीची. एकेक शब्द घरात येत होता आणि तिला तिच्या जागेवरून उठवत होता. जूनअखेर दिवसातून दोनदा, कधी एकदाच तो मार्तुस्यू म्हणायचा, सहसा दुपारी झोपेतून उठताना, अजून नीट जाग आलेली नसताना. ती त्या वेळी हातातलं काम टाकून खोलीत जाऊन बसायची. नुसती बसायची, खुर्चीत, त्याच्या डोळ्यांकडे बघत. एकदा तिने, त्याने हाक मारल्यावर ओ देऊन, अगदी हळू म्हणून बघितलं, "दोस्या. म्हण. दोस्या." तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले, 'द'पर्यंत गेले, आणि मग त्याला पुरती जाग आली आणि ते मिटले.

जुलैत एका सकाळी झोर्याना पत्ते मांडत होती. बाहेर कोणीतरी गालिचा झोडपत होतं, धूळ आत येत होती. सेवेरिनने मान वर केली आणि दाराकडे बघून स्पष्ट म्हणाला, "तेओदोसिये, खिडकी लाव." सबंध. एकही अक्षर न चुकता. झोर्यानाच्या हातातून पत्ते पडले. "ऐकलंत? पूर्ण वाक्य. आणि नावासकट," ती म्हणाली, आणि मग गोंधळून तेओदोसियाकडे वळली. "पण तुमचं नाव तर मार्ता ना?" तेओदोसियाने खिडकी लावली, कडी घातली. "कागदावर हे आहे," ती म्हणाली. झोर्यानाने तिला मिठी मारली. ती रडते आहे हे त्या पोरीने पाहिलं आणि तिला वाटलं, आनंदाने.

झोर्याना गेल्यावर तेओदोसिया त्याच्या पायांशी पलंगावर बसली. "दवाखान्यात मला काय म्हणायचास, आठवतं?" तिने विचारलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. शब्द अजून त्याला एकेक करून शोधावे लागत होते. "काय म्हणणार?" तो म्हणाला. "तेओदोसिया. दुसरं काय?" त्याच्या डोळ्यांत लपवलेलं काही नव्हतं. तिने शोधलं, तीस वर्षांची सवय, बाटली उजेडात धरून तळाशी काही साचलंय का बघायची. काही नव्हतं. मग तो म्हणाला, "पेज झाली का?" आणि ती उठली.

दुपारी फोन वाजला. खोतिनहून. मार्ताने कधी केला नव्हता. आवाज वाचून दाखवल्यासारखा येत होता. कमरेचं ऑपरेशन ठरलंय, ऑगस्टमध्ये, म्हणून म्हटलं आधी विचारून घ्यावं, कसा आहे. तेओदोसिया म्हणाली, "बरा आहे. काठी घेऊन खिडकीपर्यंत जातो. जेवतो आपल्या हाताने."

"आणि," मार्ता म्हणाली, मग थांबली. "अजून म्हणतो का?"

मधल्या दारातून तेओदोसियाला सेवेरिनची पाठ दिसत होती, त्याच्या मानेवरचे वाढलेले केस. कापायला हवे होते.

"म्हणतो," ती म्हणाली. "दिवसातून दहादा."

"तुम्ही ओ देता ना?"

"देते."

"बरं," मार्ता म्हणाली. "बरं झालं." तिने फोन ठेवला नाही. ती नुसता श्वास घेत राहिली, आणि तेओदोसियाही ऐकत राहिली. तेवढ्यात आतून खुर्ची करकरली. "तेओदोसिये," सेवेरिनने विचारलं, "कोणाचा फोन आहे?" तिने तोंडापुढच्या रिसीव्हरवर तळहात दाबून धरला, बोटं पांढरी पडेपर्यंत, पलीकडे काही ऐकू जाऊ नये म्हणून.